मत पटत नाही, पण माणूस हवा आहे: बोलायचं कसं?

निळी शाई

देव, राजकारण, लस, मुलांना कसं वाढवावं, म्हातारपणी उपचार किती करावेत... या विषयांवर जवळच्या माणसांची मतं अगदी विरुद्ध असतात आणि दोन वाक्यांत आवाज चढतो. वाद जिंकला तरी माणूस दुरावतो, आणि त्याचं मत होतं तिथेच राहतं.

माझं म्हणणं असं, की बहुतेक वेळा आपण बरोबर ठरण्यापेक्षा समोरचा तसं का मानतो हे कळणं जास्त मोलाचं असतं. मात्र हे करायचं कसं, याबद्दल फार कमी बोललं जातं. त्यामुळे 'मोठं मन ठेवा', 'सोडून द्या' असे सल्ले नकोत. पहिलं वाक्य काय बोलायचं, कधी थांबायचं, कुठे बिघडतं आणि का, ते लिहा. समुपदेशन, मध्यस्थी, वैद्यकीय क्षेत्रातल्यांनी जरूर लिहा. विरोधी मतंही येऊ द्या.

ऋजुता

सगळ्यात उपयोगी नियम अजूनही मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचाच. १९५१ च्या एका भाषणात त्यांनी तो मांडला: समोरच्याचं म्हणणं आणि त्यामागची भावना आधी आपण मांडायची, ती त्याला मान्य झाली की मगच आपली पाळी.

करताना मांडणी दोन वाक्यांपेक्षा लांबवू नका. एका वाक्यात त्याचं मत आणि त्याचं सगळ्यात भक्कम कारण, दुसऱ्यात त्याला कशाची काळजी आहे ते. मग "बरोबर समजलं का मला?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. इथे चार-पाच सेकंद शांतता होते आणि बहुतेकांना ती सोसत नाही. ते लगेच स्वतःचा मुद्दा घुसवतात आणि सगळं केलेलं वाया जातं.

बिघडतं ते तीन ठिकाणी. एक म्हणजे पोपटपंची, त्याचेच शब्द जसेच्या तसे परत करणं. त्याने समोरच्याला आपली नक्कल होतेय असं वाटतं. दुसरं, मांडणीत टोचणी लपवणं: "म्हणजे तुझ्या मते सगळे डॉक्टर चोर आहेत, असंच ना?" हे समजून घेणं नाही, आरोपपत्र आहे. तिसरं जास्त सूक्ष्म आहे: विचार नीट मांडला पण भावना वगळली. मग तो "हो, पण..." म्हणतो. "हो, अगदी असंच" आणि "हो, पण" यांतला फरक कान देऊन ऐका. दुसरं उत्तर आलं तर अजून काहीतरी सुटलं आहे.

कोरा कागद

ऋजुताताई, हा नियम आपल्याकडच्या वादपद्धतीत फार जुना आहे. आधी पूर्वपक्ष (समोरच्याची बाजू), मग उत्तरपक्ष (आपलं उत्तर). पूर्वपक्ष इतका नीट मांडायचा की तो मानणाऱ्यालाही त्यात खोट काढता येऊ नये. जुन्या दर्शनग्रंथांत प्रतिपक्षाचे मुद्दे कधीकधी इतक्या ताकदीने येतात की ते लेखकाचंच मत असावं असं नव्या वाचकाला वाटतं.

न्यायसूत्रांत (भारतीय तर्कशास्त्राचा प्राचीन ग्रंथ) चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. वाद सत्य शोधण्यासाठी. जल्प जिंकण्यासाठी, त्यात छल (बोलण्याचा अर्थ मुद्दाम फिरवणं), जाती (वरवरच्या साम्यावरून घेतलेला पोकळ आक्षेप) असे डावपेचही चालतात. आणि वितंडा, म्हणजे स्वतःचा पक्ष न मांडता फक्त दुसऱ्याचा पाडणं. घरातली बहुतेक भांडणं वाद म्हणून सुरू होतात आणि मिनिटाभरात जल्प होतात. ती घसरण ओळखायची खूण म्हणजे सामान्यछल: मर्यादित विधान ताणून सरसकट करणं. "या औषधाची मला भीती वाटते" याचं "म्हणजे तुला विज्ञानच नको" झालं, की चर्चा वादातून जल्पात गेली असं समजावं.

मोरपीस

वाचनखूण साठवली. दोन्ही प्रतिसाद उत्तम.

सडेतोड

मी विरोधी बाकावर. सगळ्या मतांना सारखी किंमत नसते. लशीबद्दल चुकीची माहिती असेल तर ती चूक आहे असं स्पष्ट सांगायला हवं. गोंजारत बसलं तर मूल बिनलशीचं राहतं. आणि 'तथ्य सांगितलं की माणूस उलट जास्त हट्टाला पेटतो' हे जे सगळीकडे सांगितलं जातं, ते कारण इथे कुणी देऊ नये. २०१० मध्ये नाइहान आणि रायफ्लर यांच्या निबंधाने ती कल्पना गाजली, पण २०१९ मध्ये वुड आणि पोर्टर यांनी ५२ मुद्द्यांवर, दहा हजारांहून जास्त लोकांवर तपासलं तेव्हा असा उलटा परिणाम जवळजवळ सापडलाच नाही. लोक तथ्य स्वीकारतात. तेव्हा तथ्य सांगा.

पानगळ

@सडेतोड, तुम्ही दिलेली माहिती बरोबर आहे आणि ती इथे आली हे चांगलं झालं. त्याला एक जोड देते. त्याच संशोधकांनी मिळून नंतर दाखवलं की माहिती दुरुस्त होते, पण नेत्याबद्दलचं मत त्याने फारसं हलत नाही. म्हणजे "हा आकडा चुकीचा होता" हे माणूस मान्य करतो आणि आधी ठरवलेलंच करतो. लशीच्या बाबतीत आपल्याला आकडा मान्य करून घ्यायचा नसतो, निर्णय हवा असतो.

यासाठी आरोग्यक्षेत्रात वापरली जाणारी पद्धत (मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग) मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवली. मुळात ती दारूचं व्यसन असलेल्यांसाठी होती. तिचा गाभा हा: माणूस जेव्हा द्विधा असतो तेव्हा आपण एक बाजू लावून धरली की दुसरी बाजू तो लावून धरतो. आपण जितके पटवू तितकी तो न करण्याची कारणं स्वतःच्याच तोंडाने बोलतो, आणि स्वतः बोललेलं माणसाला जास्त खरं वाटतं.

क्रम असा: विचारा, सांगा, विचारा.

"या लशीबद्दल तुम्ही काय ऐकलंय?" पूर्ण ऐकून घ्या, मध्ये दुरुस्ती नको. मग परवानगी: "याबद्दल मला जे माहीत आहे ते सांगू का?" बहुतेक जण हो म्हणतात, आणि हो म्हटलेला माणूस ऐकायला तयार असतो. मग एकच माहिती, फार तर दोन. सात मुद्दे सांगितले तर त्यातला सगळ्यात कच्चा तो पकडतो. शेवटी "हे ऐकून काय वाटतं?"

याच पद्धतीतला मोजपट्टीचा प्रश्न फार कामाचा आहे. "० ते १० मध्ये लस देण्याकडे तुमचा कल किती?" समजा उत्तर ४ आलं. इथे नवशिके विचारतात, "८ का नाही?" मग समोरचा अडचणींची यादी वाचतो. विचारायचं असतं उलटं: "४ का? २ का नाही?" आता तो स्वतःच लशीच्या बाजूची कारणं सांगतो. उत्तर ० आलं तर हा प्रश्न निरुपयोगी. तेव्हा "१ व्हायला काय लागेल?" असं विचारून बघा, तेही जमलं नाही तर त्या दिवशी तिथेच थांबा.

डॉ. तिठा

पानगळ यांनी लिहिलेली पद्धत वेळ असेल तेव्हाची आहे. रक्तस्राव चालू आहे, मूल निळं पडतंय, अशा वेळी आधी कृती. समजूत नंतर. मात्र 'तातडी आहे' हे कारण सरसकट वापरलं जातं, म्हणून स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात: थांबल्याने नेमकं काय बिघडणार, ते किती तासांत किंवा दिवसांत, आणि ते पुन्हा सावरता येण्यासारखं आहे का. तिन्हींची उत्तरं गंभीर असतील तरच घाई.

आणखी एक. निर्णयक्षम प्रौढ रुग्णाला उपचार नाकारण्याचा हक्क असतो. त्याच्या बाबतीत 'मी बरोबर आहे' हा मुद्दा तुमच्या हातात निर्णय देत नाही. नातेवाईक इथे चुकतात. निर्णय ज्याचा नाही तोच सगळ्यात मोठ्याने बोलत असतो.

भिरभिरं

म्हणजे आता भांडायच्या आधी समोरच्याची बाजू मांडायची, ती छान जमली की भांडायला काही उरायचंच नाही. भांडखोरांवर अन्याय आहे हा. (हलके घ्या.)

उंबरठा

मला इथे एक गोष्ट खटकतेय. समजून घेण्याची अपेक्षा नेहमी कुणाकडून केली जाते? ज्याच्याकडे सत्ता कमी त्याच्याकडून. "तिचं वय झालंय, तू समजून घे." "तो चिडका आहे, तू गप्प बस." ज्याच्या अस्तित्वाबद्दलच चर्चा चालू आहे, त्यालाच सांगायचं की तुला तुच्छ मानणाऱ्याचा पूर्वपक्ष मांड. हे समानुभूतीच्या नावाखाली श्रम लादणं आहे.

म्हणून माझ्या दोन अटी. मत आणि वागणूक वेगळी काढायची. मत समजून घेता येतं, वागणुकीला हद्द आखायची. हद्दीचं वाक्य लहान असावं, स्वतःच्या कृतीबद्दल असावं, आणि पाळता येईल एवढंच असावं: "माझ्या मुलांसमोर हे शब्द आले तर आम्ही उठून जाऊ." मग खरंच उठायचं. न पाळलेली हद्द ही पुढच्या वेळची परवानगी ठरते. "तू असं बोलूच नकोस" ही हद्द नव्हे, ती आज्ञा आहे, आणि आज्ञा पाळणं त्याच्या हातात असतं.

दुसरी अट: धमकी, पाळत, मारहाण किंवा पैशाची कोंडी असेल तिथे हे काहीच करू नये. तिथे सुरक्षितता, मदत आणि अंतर. अशा नात्यात समोरासमोर बसवून केलेली मध्यस्थी धोका वाढवू शकते. जाणकार मध्यस्थ म्हणूनच दोघांशी आधी वेगवेगळं बोलून घेतात.

ऋजुता

@उंबरठा, दोन्ही अटी पूर्ण मान्य. मूळ प्रश्नाच्या उत्तरात हे पहिल्या ओळीत यायला हवं.

कोरा कागद

उंबरठा यांच्या मुद्द्याला धरून थोडं अवांतर. जैन अनेकान्तवादाचा (सत्याला अनेक बाजू असतात या मताचा) आधार देऊन "सगळेच आपापल्या जागी बरोबर" असं म्हटलं जातं. तो अर्थ तिथे नाही. प्रत्येक विधान कोणत्या तरी नयाने, म्हणजे कोणत्या तरी दृष्टीने केलेलं असतं, आणि ती दृष्टी सांगण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर येते. त्यामुळे विधान ढिलं होत नाही, नेमकं होतं.

गंमत म्हणजे अनातोल रापोपोर्ट या गणितज्ञाने १९६० मध्ये मतभेदांवर लिहिताना याच्या जवळचीच पायरी सुचवली. प्रतिपक्षाला आपण समजलो आहोत हे आधी दाखवायचं, मग त्याचं विधान कोणत्या परिस्थितीत खरं ठरेल ती शोधून त्याला सांगायची, आणि मग आपण दोघंही मुळात सारखेच आहोत असं त्यालाही वाटेल असं बघायचं. मधली पायरी लोक गाळतात. "तुझं म्हणणं अमुक परिस्थितीत बरोबर आहे, आपण त्या परिस्थितीत आहोत का ते बघू" एवढं म्हटलं की भांडण मतावरून परिस्थितीवर येतं, आणि परिस्थिती तपासता येते.

गणकयंत्र

माध्यमाबद्दल कुणीच लिहिलं नाही. फॅमिली ग्रुपवर लेखी वाद घालणं हा सगळ्यात वाईट पर्याय. तिथे बोलणं समोरच्याशी नसतं, प्रेक्षकांशी असतं. माघार सगळ्यांसमोर घ्यावी लागते म्हणून कुणी घेत नाही. श्रोडर, कार्डास आणि एप्ली यांनी २०१७ मध्ये दाखवलं की तेच विरोधी मत वाचण्याऐवजी बोलणाऱ्याच्या आवाजात ऐकलं, तर ऐकणाऱ्याला तो माणूस जास्त विचारी वाटतो. आवाजातले चढउतार, अडखळणं, थांबणं यांतून समोर विचार चालू आहे हे कळतं. लेखी मजकुरात ते सगळं गळून जातं आणि उरतो नुसता निष्कर्ष.

उपाय: ग्रुपवर फक्त "यावर तुझ्याशी बोलायचं आहे, संध्याकाळी फोन करू का?" इतकंच. खोटी आणि धोकादायक माहिती असेल तर इतर वाचणाऱ्यांसाठी एक ओळ दुरुस्ती टाकावी, माणसाचं नाव न घेता, माहितीबद्दल. त्यावर उत्तर आलं तरी तिथे पुढे वाढवू नये.

दगडफूल

"स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघ" हा सल्ला इथे अजून आला नाही हे बरं झालं. एयाल, स्टेफेल आणि एप्ली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांतून तपासलं: नुसती कल्पना केल्याने दुसऱ्याच्या मनाचा अंदाज जास्त अचूक होत नाही, पण आपल्याला कळलं असं वाटू शकतं. अचूकता वाढली ती थेट विचारल्यावर. त्याच्या जागी आपण जातो तेव्हा आपले अनुभव, आपली भीती सोबत घेऊन जातो.

विचारायचं काय? "का?" ने सुरुवात नको, तो जाब वाटतो. त्याऐवजी "हे असं कधीपासून वाटायला लागलं?", "यातली कोणती गोष्ट तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे?", "याच्या विरुद्ध झालं तर काय होईल अशी भीती आहे?" पहिल्या प्रश्नाला बहुधा एखादी घटना सांगितली जाते. ती मिळाली की मतामागचा माणूस दिसतो. आणि पुढचा प्रश्न त्याच्या उत्तरातूनच निघाला पाहिजे. तयार यादी वाचली तर चौकशी वाटते.

शब्दांबद्दलही थोडं. येओमन्स, मिन्सन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मतभेदांच्या संभाषणांचं विश्लेषण केलं. ज्यांच्या बोलण्यात समोरच्याच्या मुद्द्याची दखल होती, 'काही वेळा', 'बहुधा' अशी मर्यादा होती, जिथे एकमत आहे ते उघड सांगितलेलं होतं आणि नकारार्थी वाक्यं कमी होती, ते लोक ऐकून घेणारे वाटले. 'कारण', 'म्हणून' असे स्पष्टीकरणाचे शब्द वाढले की उलट परिणाम. समोरच्याला आपल्याला शिकवलं जातंय असं वाटतं. मर्यादा मात्र फक्त स्वतःच्या दाव्याला लावायची. "तुला बहुधा वाईट वाटलं असेल" हे बोचतं.

सडेतोड

वाचतोय सगळं. मुद्दे वजनदार आहेत. पण एक प्रश्न उरतोच. हे सगळं समोरच्याला आपल्या बाजूला आणण्याचं तंत्र असेल तर ती गोड बोलून केलेली फसवणूक नाही का? आणि माझं मत बदलण्याची शक्यता यात कुठे आहे?

पानगळ

@सडेतोड, हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. तंत्र म्हणून केलं तर ते समोरच्याला कळतंच. दोन संभाषणांनंतर तो म्हणतो, "आता तू परत माझं म्हणणं मांडणार." तुमचं मत थोडंही हलायला तयार नसेल तर ते लपत नाही.

घरोघरी जाऊन केलेल्या संभाषणांचं उदाहरण इथे लागू आहे. ब्रूकमन आणि काला यांनी २०१६ मध्ये छापलेला प्रयोग: साधारण १० मिनिटांचं बोलणं, दार वाजवणारा माणूस न्यायाधीश न बनता ऐकतो, स्वतःबद्दलही सांगतो, समोरच्याला स्वतःला वेगळं वागवलं गेल्याचा प्रसंग आठवायला लावतो. पारलिंगी व्यक्तींबद्दलचा पूर्वग्रह कमी झाला आणि निदान ३ महिने तसाच राहिला. २०२० मध्ये त्याच दोघांनी पुढे तपासलं तेव्हा नुसते युक्तिवाद पुरले नाहीत. निवाडा न करता एकमेकांचे अनुभव सांगणं-ऐकणं हा भाग गरजेचा ठरला. (याच विषयावरचा २०१४ चा दुसऱ्यांचा एक गाजलेला निबंध २०१५ मध्ये मागे घेतला गेला होता, आणि त्यातल्या आकडेवारीतली गडबड उघड करणाऱ्यांत हेच दोघे होते. त्यामुळे त्यांच्या निष्कर्षावर माझा जास्त भरवसा आहे.) उंबरठा यांच्यासाठी: ही माणसं स्वेच्छेने, प्रशिक्षण घेऊन गेली होती. कुणावर लादलं नव्हतं.

गणकयंत्र

स्वतःचं मत तपासण्यासाठी: आपण पाठिंबा देतो ते धोरण किंवा उपचार प्रत्यक्षात काम कसं करतं ते पायरीपायरीने कागदावर लिहा. रोझेनब्लिट आणि कील यांनी २००२ मध्ये हे साध्या वस्तूंवर करून घेतलं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा कमी कळलेलं असतं, हे लिहिताना उघड होतं. राजकीय धोरणांवर हेच केल्याने मतं मवाळ होतात असं २०१३ मध्ये मांडलं गेलं, पण मवाळ होण्याचा तो भाग पुढच्या पुनरावृत्तीत टिकला नाही. आपल्याला कमी कळतं याची जाणीव होते, एवढा भाग टिकला. आधी स्वतःवर करावं, समोरच्यावर परीक्षा म्हणून करू नये.

डॉ. तिठा

शरीराचाही विचार करा. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या जोडप्यांवरच्या कामात भांडताना नाडीचे ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की ऐकण्याची क्षमता कोसळते असं दिसतं. अशा वेळी थांबायचं, कमीत कमी २० मिनिटं, आणि त्या वेळात मनात उत्तरं जुळवत बसायचं नाही. नाहीतर ठोके उतरत नाहीत. थांबताना परत कधी बोलायचं ती वेळ सांगूनच उठा, कारण वेळ न सांगता उठलं की ते तोंड फिरवणं ठरतं. त्यांच्याच मांडणीनुसार जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के मतभेद कधीच पूर्ण सुटत नाहीत. टिकलेली जोडपी ते न सोडवता त्यांच्याबद्दल बोलत राहतात.

निळी शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आता प्रत्यक्ष लावून बघू. दोन भावंडं. आई आजारी, दीर्घ उपचार लागणार. एकाला उपचार हवेत, दुसऱ्याची प्रार्थनेवर श्रद्धा आहे आणि त्याला औषधांचे हाल नको वाटतात. दोघेही आईवर सारखंच प्रेम करतात. पहिल्याने सुरुवात कशी करावी?

डॉ. तिठा

आई निर्णय घेऊ शकते का? शकत असेल तर आधी तिला विचारा, दोघांनी एकत्र बसून. अर्धा वाद तिथेच संपतो.

ऋजुता

डॉक्टरांशी सहमत. त्यानंतर दोघांचं बोलणं साधारण असं:

"तुला वाटतंय की या उपचारांत तिचे हाल होतील आणि तिची शांती जाईल. तिचे शेवटचे दिवस दवाखान्यात जाऊ नयेत ही तुझी काळजी आहे. बरोबर समजलं का?"

गप्प. त्याला बोलू द्या.

"यात सगळ्यात जास्त भीती कशाची आहे?"

बहुधा उत्तर वेदनेबद्दल येईल. श्रद्धेचा प्रश्न मध्ये येतच नाही. इथे कोरा कागद यांची मधली पायरी: "उपचारांचा उपयोग नसताना ते चालू ठेवले तर तुझं म्हणणं अगदी बरोबर आहे. आता उपयोग होईल का, ते डॉक्टरांना आपण दोघांनी मिळून विचारू." प्रश्न आधी कागदावर लिहून न्या आणि त्यात किमान एक त्याचा असू द्या, त्याच्याच शब्दांत. वेदना कमी करणारी काळजी उपचारांसोबत पहिल्या दिवसापासून घेता येते का, हेही विचारा. प्रार्थना उपचारांच्या आड येत नाही, तेव्हा तिच्यावर एक शब्दही खर्च करू नका.

सडेतोड

आणि पहिल्याच मांडणीवर तो म्हणाला, "नाही, तुला काही कळलेलं नाही," तर?

ऋजुता

तर "काय सुटलं?" एवढंच विचारायचं आणि जे सुटलं ते जोडून पुन्हा मांडायचं. दुसऱ्यांदाही नाही म्हणाला तर मांडणी सोडून द्या आणि त्यालाच सांगा, "तुझ्या शब्दांत सांग, मी फक्त ऐकतो." मग पाच मिनिटं खरोखर फक्त ऐका. त्या दिवशी स्वतःचं मत सांगायला मिळालं नाही तरी डॉक्टरांची भेट मात्र दोघांनी मिळून ठरवूनच उठा.